नवसाचा बाजार

गणेशोत्सवात लालबागच्या राजाच्या रांगेत किती तास उभे राहावे लागते, हे मुंबईकरांना सांगायला नको. कुणी नवस फेडायला आलेले असते, कुणी बोलायला. मुलाची नोकरी, मुलीचे लग्न, स्वतःचे घर, घरातले आजारपण, परीक्षेतले यश अशी नाना मागणी घेऊन माणसे तिथे येतात. परंतु या गणपतीला बोलला गेलेला मूळ नवस यांपैकी कशासाठीच नव्हता. तो होता बाजारासाठी. धंद्याला बसण्यासाठी कायमची जागा मिळावी, एवढेच ते मागणे होते आणि मागणारे होते लालबागचे कोळी बांधव आणि किरकोळ माल विकणारे छोटे विक्रेते.

हकिगत अशी आहे. लालबागला पेरू चाळीत पूर्वी बाजार भरत असे. १९३२ साली तो बंद झाला आणि तिथे बसणाऱ्यांवर उघड्यावर माल मांडण्याची पाळी आली. त्यांनी गणपतीला नवस केला. पण नवस करून ते स्वस्थ बसले नाहीत. त्या वेळचे नगरसेवक कुंवरजी जेठाभाई शाह, डॉ. व्ही. बी. कोरगावकर, नाखवा कोकम मामा, भाऊसाहेब शिंदे, डॉ. यू. ए. राव अशा मंडळींनी आणि आसपासच्या रहिवाशांनी सतत पाठपुरावा केला. अखेर जागेचे मालक तय्यबअली यांनी बाजारासाठी भूखंड देण्याचे मान्य केले. लालबागचा बाजार उभा राहिला आणि १२ सप्टेंबर १९३४ रोजी, गणेश चतुर्थीला, तिथे गणपती बसला. नवसाला पावणारा म्हणून त्याची ख्याती झाली ती तेव्हापासून. ही नावे जरा पुन्हा वाचून पाहा. गुजराती नगरसेवक, मराठी डॉक्टर, कोळी नाखवा, मुसलमान जागामालक. मुंबईतला एक छोटासा बाजार वाचवायला एवढी सगळी माणसे लागली होती.

ही गोष्ट आज आठवण्याचे कारण असे की, गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या जुन्या पेठांचे पुढे काय होणार, हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे. चाळी पाडून मनोरे उभे राहत आहेत, जमिनीखालून मेट्रो धावू लागली आहे, फेरीवाल्यांचा वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालला आहे. बाजारपेठांचे पुनरुज्जीवन, स्थानिक व्यापाराला उत्तेजन असे शब्द सरकारी योजनांमध्ये आणि निवडणुकीच्या जाहीरनाम्यांमध्ये नेहमी दिसतात. पण या शहराने बाजार जगवण्याचे प्रयत्न काही आजच सुरू केलेले नाहीत. त्यांना दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्यातले कोणते फळाला आले आणि कोणते वाया गेले, हे पाहिले तर पुढचा विचार करायला थोडा आधार मिळेल.

मंडईचे छप्पर

मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी १८६५ साली सूत्रे हाती घेतली. त्यांच्या कारकिर्दीत, १८६९ साली, आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणून ओळखले जाणारे क्रॉफर्ड मार्केट सुरू झाले. इमारतीचा आराखडा विल्यम इमर्सन यांचा आणि दर्शनी भागावरील शिल्पे लॉकवुड किपलिंग यांची. शहराने आपल्या बाजारासाठी एवढी देखणी वास्तू बांधावी, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. पुढे १८८८ साली महापालिकेचा कायदा झाला, तेव्हा सार्वजनिक मंडया बांधणे आणि त्यांची देखभाल करणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्यच ठरवण्यात आले. रस्ते, गटारे, पाणीपुरवठा यांच्या पंक्तीला कायद्याने मंडई नेऊन बसवली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. भाजी आणि मासळी माणसाला स्वच्छ जागी विकत घेता आली पाहिजे, ही जबाबदारी शहराची आहे, असा त्याचा अर्थ.

या मागची दृष्टी मात्र मुख्यत्वे आरोग्याची होती. छप्पर, फरशी, पाणी, वजनमापे यांची व्यवस्था लावायची आणि रस्ता मोकळा करायचा, हा हेतू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि या दृष्टीला अधिकच धार आली. १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ म्हणजे शहर सुधारणा मंडळाची स्थापना झाली. दाट वस्तीत समुद्राचे वारे खेळावे म्हणून रुंद रस्ते कापण्यात आले. आजचा सरदार वल्लभभाई पटेल रस्ता म्हणजे जुना सँडहर्स्ट रोड, आणि शामळदास गांधी मार्ग म्हणजे जुनी प्रिन्सेस स्ट्रीट, हे त्या काळाचे ठसे. गिरगाव-काळबादेवीच्या गल्ल्यांमधून हे रस्ते गेले. वारा आला, पण ज्यांची घरे आणि दुकाने मध्ये आली त्यांना मुक्काम हलवावा लागला.

याच मंडळाने दादर-माटुंग्याला मोकळ्या जमिनीवर नवी वसाहत आखली. पूर्वेला हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी उभी राहिली. पश्चिमेला पुढे शिवाजी पार्कचा परिसर वसला. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबे गिरगावातून हळूहळू दादरकडे सरकली. आणि बाजार त्यांच्या मागोमाग आला. रानडे रोड, गोखले रोड, स्टेशनबाहेरची भाजी, पुलाजवळचा फूलबाजार, हिंदमाताचे कापड, हे सारे कुणी एका कचेरीत बसून आखले असेल असे वाटत नाही. दोन रेल्वेमार्ग दादरला जवळ येतात. वसईकडची फुले आणि भाजी एका मार्गाने, कल्याणपलीकडचा माल दुसऱ्या मार्गाने येऊ शकतो, आणि दोन्हीकडचे प्रवासी तिथे उतरून गाडी बदलतात. शिवाय आजूबाजूला पायी येणारी वस्ती. एवढे जुळून आल्यावर बाजाराला आमंत्रण द्यावे लागत नाही.

दादरचा हा अनुभव मला फार बोलका वाटतो. क्रॉफर्ड मार्केटमध्ये शहराने बाजारासाठी इमारत बांधली. दादरला शहराने माणसांसाठी घरे वसवली आणि बाजार आपोआप उभा राहिला. बाजाराला जागा लागते हे खरे, पण ती जागा गिऱ्हाइकाच्या वाटेवर असावी लागते. लालबागच्या विक्रेत्यांनी कायमची जागा मागितली ती लालबागमध्येच. दुसरीकडे कुठे मोठी, ऐसपैस मंडई दिली असती तर ते तिकडे जाऊन काय करणार होते?

उधारीची वही आणि ऐंशी रुपये

परळ-लालबागचे गिऱ्हाईक म्हणजे गिरणी कामगार. कोकणातून, साताऱ्या-सांगलीकडून, कोल्हापुराकडून आलेला. बायकामुले गावी आणि हा इथे एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपणारा. त्याचे जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान असे समजू नका. चाळीतल्या एखाद्या बाईने आपल्या खोलीत चूल पेटवून वीस-पंचवीस माणसांना दोन वेळचे जेवू घालायचे, त्याचे पैसे महिन्याच्या पगाराला घ्यायचे. तिचा किराणा वाण्याकडून उधारीवर. म्हणजे वाणी बाईला थांबायचा, बाई कामगाराला थांबायची आणि कामगार पगाराला. गिरणगावातला सगळा व्यापार या थांबण्यावर चालला होता. मसाल्याची दुकाने, मिरची कुटणारे डंक, चिवडा गल्लीतल्या कढया, गावी जाताना न्यायच्या खाऊच्या पुड्या, हे सगळे त्याच पगाराच्या पैशांवर उभे होते.

या साखळीत सर्वांत अशक्त कडी होती खानावळवाल्या बाईची. तिला भांडवल हवे असे आणि ते सावकाराच्या किंवा वाण्याच्या दराने घ्यावे लागे. प्रेमा पुरव या कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या. संपाच्या काळात याच बाया उधारीवर कामगारांना जेवू घालतात, आणि त्यांच्या कष्टाची नोंद मात्र कुठेच नाही, हे त्यांनी पाहिले होते. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि लहान माणसाला कर्ज द्यायचे, असे धोरण ठरले होते. पण ज्या बाईकडे तारण नाही, सही करता येत नाही, ती बँकेच्या पायऱ्या चढणार कशी? १९७५ साली प्रेमाताईंनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले, खानावळवाल्यांचे गट केले आणि बायांनी एकमेकींना जामीन राहून बँक ऑफ बडोदाकडून कर्जे मिळवली. रक्कम लहान होती, पण सावकाराच्या व्याजातून सुटका झाली. कर्ज घेणारी बाई व्यावसायिक आहे, हे बँकेच्या कागदावर प्रथमच नोंदले गेले.

गिरगावात याच्या आधी असाच एक प्रयोग झाला होता. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गृहिणींनी पापड लाटायला घेतले. भांडवल ८० रुपये, तेही सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे कार्यकर्ते छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. तोटा झाला तरी देणगी म्हणून कुणाकडून काही घ्यायचे नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले होते. या सात जणींचा उद्योग म्हणजे आजचे श्री महिला गृह उद्योग, लिज्जत पापड. सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. आज देशभर पसरलेला हा उद्योग गिरगावातल्या एका गच्चीवरून निघाला. दुकान भाड्याने घ्यावे लागले नाही, आणि विकत घेणारा व्यापारी चालत जाण्याच्या अंतरावर होता, या दोन गोष्टींचे मोल त्या ८० रुपयांइतकेच मोठे होते.

गिऱ्हाइकांनी स्वतः उभारलेला बाजारही याच भागात सापडतो. १९४८ साली नायगावात गिरणी कामगारांनी सहकारी तत्त्वावर रेशनचे दुकान काढले. त्यातून वाढत गेलेली संस्था म्हणजे ‘अपना बाजार’. टंचाईच्या आणि काळ्या बाजाराच्या दिवसांत योग्य वजनाचा, योग्य भावाचा माल मिळावा म्हणून कामगारच दुकानाचे मालक झाले. पुढे या संस्थेने एका छताखाली सर्व वस्तू मिळणारी मोठी भांडारे काढली, तेव्हा मॉल हा शब्द मुंबईला ठाऊकही नव्हता.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. छोट्या दुकानदाराला सरकारने दिलेला सर्वांत मोठा आधार कोणता, असे विचारले तर तो बहुधा १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा ठरेल. दुकानदाराला मदत करावी म्हणून काही तो केलेला नव्हता. युद्धानंतर घरांची टंचाई होती, भाडी भडकू नयेत हा उद्देश होता. पण भाडे गोठले आणि गिरगावच्या ठाकूरद्वार-चिराबाजारातला पुस्तकविक्रेता, वैद्य, पूजासाहित्यवाला, शिंपी, फरसाणवाला दोन-दोन, तीन-तीन पिढ्या त्याच गाळ्यात टिकला. मुंबईतल्या जमिनीच्या भावाने भाडे मोजावे लागले असते तर यातले बहुतेक कधीच उठून गेले असते. याची दुसरी बाजू अशी की, इतक्या कमी भाड्यात मालकाला इमारत सांभाळणे परवडेना. डागडुजी थांबली, जिने खचले, टेकू लागले. १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी खास कायदा करून उपकर लावावा लागला, दुरुस्ती मंडळ नेमावे लागले. म्हणजे ज्या कायद्याने दुकान तगले, त्याच कायद्याने दुकानावरचे छप्पर जीर्ण झाले. आजच्या पुनर्विकासाचा गुंता इथूनच सुरू होतो.

गिऱ्हाईक गेले

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हा संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला आणि त्याच्याबरोबर गिरणगावही. त्याच्या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. बाजाराच्या अंगाने मात्र त्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही.

लालबाग-परळच्या एकाही दुकानाचे छप्पर त्या संपात उडाले नव्हते. गाळे तेच, मंडई तीच, परवाने तेच. फक्त महिन्याचा पगार यायचा थांबला. पहिले काही महिने सगळे एकमेकांना थांबले, कारण थांबण्याची सवय होती. मग वाण्याच्या वहीतली उधारी फुगत गेली. कामगार गावी गेले, त्यांतले बरेच परतले नाहीत. खानावळींच्या चुली विझू लागल्या. खानावळीवर जगणाऱ्या बायांना डबे पुरवणे, खाद्यपदार्थ तयार करून विकणे अशा वाटा शोधाव्या लागल्या आणि अन्नपूर्णासारखी संस्था त्यांच्या पाठीशी होती म्हणून अनेकींना ते जमले. ज्यांना अशी संस्था नव्हती, त्यांचे काय झाले, याची नोंद कुणाकडे नाही. जागा असून, माल असून, अनुभव असूनही बाजार कसा मरतो, हे १९८२ नंतरच्या गिरणगावाने दाखवून दिले.

पुढे प्रश्न आला तो गिरण्यांच्या जमिनीचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम होता. गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर एक तृतीयांश जमीन पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असे त्याचे ढोबळ स्वरूप होते. तो पुरता अमलात आला असता तर परळ-लालबागमध्ये मोठ्या प्रमाणावर सामान्यांची घरे झाली असती, आणि घरे म्हणजे गिऱ्हाईक. २००१ साली नियम बदलला. वाटणी गिरणीच्या सगळ्या जमिनीची न होता मूळच्या मोकळ्या जमिनीपुरती राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च २००६ मध्ये हा बदल न्यायालयाने कायम ठेवला. तत्पूर्वी २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने गिरण्यांच्या जमिनी विकायला काढल्या होत्या. दादरला शिवसेना भवनासमोरची कोहिनूर मिल ४२१ कोटी रुपयांना गेली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मोठे खरेदी केंद्र आकाराला आले होते. तिथे गर्दी आहे, उलाढाल आहे, हजारो तरुणांना काम आहे. परळची भरभराट झाली नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. लोअर परळला लोक विनोदाने ‘अपर वरळी’ म्हणू लागले. पण कचेरीत येणारा माणूस संध्याकाळी आपल्या उपनगरात परत जातो. तो इथे कॉफी पितो, इथला किराणा भरत नाही.

हे मुंबईतच घडले असे नाही. पॅरिसच्या मध्यभागी ‘ले आल’ नावाचा शेकडो वर्षांचा घाऊक बाजार होता. १९६९ साली तो शहराबाहेर रुंजिसला हलवला, १९७१ मध्ये तिथले लोखंडी मंडप पाडायला सुरुवात झाली आणि १९७९ मध्ये त्या जागी जमिनीखालचे खरेदी केंद्र उघडले. वाहतुकीची कोंडी सुटली, बाजाराचा पसारा गेला. त्याबरोबर बाजारावर जगणारा आजूबाजूचा मोहल्लाही बदलला आणि जे पाडले त्याबद्दल पॅरिसकर नंतर हळहळत राहिले. तिथली मंडई सरकारने योजून हलवली. आपल्याकडे गिऱ्हाईक कुणी योजून हलवले नाही, ते आपोआप गेले. परिणामात मात्र फारसा फरक नाही.

पदपथावरचा पेच

आता दादरच्या स्टेशनबाहेर या. फेरीवाल्यांचा प्रश्न हा जुन्या पेठांचा सर्वांत कडू विषय. भाडे, कर, वीजबिल भरणाऱ्या दुकानदाराच्या दारातच कुणी पथारी मांडतो, तेव्हा त्याला राग येणे साहजिक आहे. चालणाऱ्याला पदपथ हवा, हेही खरे. आणि दिवसाच्या कमाईवर घर चालवणाऱ्याला उठवले तर तो दुसरीकडे बसणारच, हेही तितकेच खरे. १९८५ साली मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेरीवाला क्षेत्रे आखण्याची दिशा दिली. १९८९ मध्ये दिल्लीच्या एका खटल्यात, रस्त्यावर व्यवसाय करणे हा घटनेने दिलेल्या व्यवसाय स्वातंत्र्याचा भाग आहे, मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतील, असे सांगितले. २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी केंद्राचा कायदा आला. सर्वेक्षण करा, विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेली शहर समिती नेमा, जागा ठरवा, असा त्याचा क्रम. त्या वर्षी पालिकेने सर्वेक्षण केले, ९९ हजारांच्या आसपास अर्ज आले. त्यांपैकी छाननीत पात्र ठरले साधारण १५ हजार. समितीवरच्या विक्रेत्यांच्या प्रतिनिधींची निवडणूक व्हायला २०२४ साल उजाडले.

मध्यंतरी २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या, म्हणजे आजच्या प्रभादेवीच्या, पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे दगावली. त्यानंतर रेल्वे स्थानकापासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाले नकोत, हा नियम मुंबई उच्च न्यायालयाने उचलून धरला. त्या दुःखद प्रसंगानंतर मोकळ्या वाटेचा आग्रह धरणे योग्यच होते. पण दीडशे मीटरच्या बाहेर जायचे ते नक्की कुठे, याचे उत्तर विक्रेत्यांना कुणी दिले नाही. त्यामुळे गाडी येते, माल उचलते, आणि गाडी गेली की पथारी पुन्हा पसरते, हा खेळ चालू राहतो. त्यात पालिकेचे पैसे जातात, विक्रेत्याचा माल जातो, दुकानदाराचा संताप तसाच राहतो.

१९३२ साली पेरू चाळीतला बाजार बंद झाल्यावर उघड्यावर बसणारे कोळी आणि विक्रेते हे कोण होते? आजच्या भाषेत सांगायचे तर अनधिकृत फेरीवालेच. दोन वर्षांत त्यांना त्याच वस्तीत जागा मिळाली आणि त्यांची मंडई झाली. तेव्हा मुंबई लहान होती, जमीन स्वस्त होती, हे कबूल. पण तेव्हाचा नगरसेवक आणि डॉक्टर मंडळी जागामालकाच्या दारी गेली होती, हेही विसरता येत नाही. करोनाच्या साथीनंतर २०२० मध्ये पथविक्रेत्यांना पहिल्या खेपेला १० हजार रुपयांचे कर्ज देणारी केंद्राची स्वनिधी योजना आली. १९५९ चे ८० रुपये आणि १९७५ ची बँकेची कर्जे यांचीच ही पुढची पायरी म्हणायची. परंतु ज्याला उद्या कुठे बसू हे ठाऊक नाही, त्याने कर्जाच्या पैशांतून माल भरायचा आणि तो जप्तीच्या गाडीत जाताना पाहायचा, असे होणार असेल तर कर्जाचा उपयोग काय?

परत येणारे बिऱ्हाड

आज गिरगावात पुनर्विकासाची घाई आहे. उपकरप्राप्त जुन्या इमारतींसाठीच्या नियमांत निवासी भाडेकरूला ठरावीक किमान जागा आणि दुकानदाराला त्याच्या जुन्या गाळ्याएवढी जागा देण्याची तरतूद आहे. कागदावर हे न्याय्य दिसते. पण प्रत्यक्ष धंद्याच्या दृष्टीने तीन गोष्टी नियमाच्या बाहेर राहतात. एक म्हणजे, इमारत होईपर्यंतची चार-सहा वर्षे दुकान कुठे चालायचे? तेवढ्या काळात गिऱ्हाईक दुसरीकडे वळते आणि कारागीर निघून जातो. दुसरे, नवा गाळा रस्त्याच्या तोंडावर असणार की मागच्या बाजूला, वाहनतळाच्या आड? फूट तेवढेच असले तरी धंदा तेवढा नसतो. आणि तिसरे, वरच्या मजल्यांवर राहायला कोण येणार?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. वरच्या चाळीतली चाळीस बिऱ्हाडे परत आली, तर खालचा वाणी, दूधवाला, फुलपुडीवाला टिकतो. जुने भाडेकरू जागा विकून डोंबिवली-विरारला गेले आणि वर येणारा नवा रहिवासी सगळे सामान घरपोच मागवू लागला, तर खालचा गाळा कितीही चकचकीत असो, तो काही दिवसांत बँकेचे एटीएम किंवा औषधांचे साखळी दुकान होतो. जुने भाडेकरू जागा विकतात त्यात त्यांचा दोष नाही. मनोऱ्याच्या देखभालीचा महिन्याचा खर्चच त्यांना झेपत नाही.

म्हणूनच परळ-वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींकडे लक्ष ठेवायला हवे. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या गेल्या. त्यांचा पुनर्विकास म्हाडा करते आहे आणि रहिवाशांना त्याच ठिकाणी ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना पहिल्या किल्ल्या मिळाल्या. ही कुटुंबे तिथेच टिकली, तर आजूबाजूच्या बाजाराला त्याहून मोठी मदत दुसरी नाही. गिरणी कामगारांच्या घरांच्या बाबतीत मात्र उलटे झाले. काहींना गिरणीच्या जमिनीवर घर मिळाले, पण अनेकांचा नंबर लागला तो पनवेलजवळच्या कोनमध्ये. घर मिळाले हे चांगलेच. लालबागचे गिऱ्हाईक मात्र कायमचे गेले.

मेट्रोचेही तसेच. कुलाबा-आरे भुयारी मार्गाच्या कामासाठी गिरगाव-काळबादेवीच्या काही इमारती पाडाव्या लागल्या आणि तिथल्या लोकांचे पुनर्वसन त्याच परिसरात करण्याचे ठरले. अनेक वर्षे रस्त्यावर पत्रे लागलेले होते, तेव्हा दुकानदारांनी तग धरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मार्ग पूर्ण सुरू झाला आणि गिरगावला भुयारी स्थानक मिळाले. दादरला जे रेल्वेने केले ते गिरगावला मेट्रो करू शकेल. उपनगरात गेलेला जुना गिरगावकर पंचांग, पूजेचे साहित्य किंवा दिवाळीची खरेदी करायला तासाभरात परत येऊ शकेल. मात्र दुकान तोपर्यंत जागेवर असले पाहिजे.

दीडशे वर्षांचा हा सगळा हिशेब मांडला तर त्यातून निघणारी गोष्ट साधी आहे. शहराने मंडई बांधली, रस्ते रुंद केले, भाडी गोठवली, कर्जे दिली, परवाने दिले. प्रत्येकाचा थोडाफार उपयोग झाला. पण बाजार तगला तो जिथे गिऱ्हाईक चालत येण्याच्या अंतरावर राहिले तिथेच. ते जिथून उठले, तिथून बाजारही उठला. तेव्हा आपल्या पेठेत पुनर्विकासाचा किंवा सुशोभीकरणाचा एखादा नवा फलक लागला की दिव्यांचे खांब कसे असतील, फरशी कुठल्या रंगाची असेल, हे जरूर विचारावे. पण त्याआधी एक प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी मागावे. इथे आज राहणाऱ्या बिऱ्हाडांपैकी किती इथेच परत येणार आहेत आणि त्यांना इथे राहणे परवडणार आहे का? दुकानांचा प्रश्न त्यानंतरचा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)